चौधरीकाकांचा लांबलेला चातुर्मास

जळगावचा माणूस आणि वांगं खात नाही म्हटल्यावर लोक आधी हसायचे. मग काकांकडे नीट बघायचे आणि विचारायचे, "ॲलर्जी आहे का?" चौधरीकाका पापडाचा तुकडा मोडत शांतपणे म्हणायचे, "नाही हो. बिल व्हायचंय अजून." विचारणारा नवीन असला तर आणखीच गोंधळायचा. मग आमच्यातलं कोणीतरी त्याला बाजूला घेऊन समजावायचं, की काकांचा चातुर्मास चालू आहे, बाहेर बर्फ पडत असला तरी चालू आहे, आणि वॉशिंग्टनमध्ये एका बिलावर राष्ट्राध्यक्षांची सही झाल्याशिवाय तो संपणार नाही.

अमेरिकेत, मिनिॲपोलिसजवळच्या ईडन प्रेरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये काका-काकू तळमजल्यावर राहायचे आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. मी पुण्याहून आलेली, सॉफ्टवेअरमधली, एकटी आणि स्वयंपाकाच्या बाबतीत ठार आळशी. त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस माझं ताट त्यांच्याकडेच असायचं. काका जळगावला सार्वजनिक बांधकाम खात्यातली पक्की नोकरी सोडून आले होते. पेन्शनीत निघायचं ते वय, आणि हे निघाले परदेशी. एका जुन्या वर्गमित्राने भरीस घातलं, म्हणायचे. इथे ते एका छोट्या इंजिनियरिंग कंपनीत लागले. उपनगरांतून मिनिॲपोलिसला जाणाऱ्या बससाठी वेगळा रस्ता आखायचा, हे त्या कंपनीचं मुख्य काम होतं.

त्या रस्त्याचे पैसे दरवर्षी वॉशिंग्टनहून यायचे. वाहतूक खातं आणि तिजोरी खातं यांच्या वर्षाच्या खर्चाचं मिळून एक बिल असायचं, आणि त्याच्या पोटात कुठेतरी आमच्या रस्त्याची एक ओळ असायची. ओळ आली की कंपनीचं काम चालू, काम चालू तर काकांची नोकरी, नोकरी तर व्हिसा, आणि व्हिसा टिकला तरच रांगेत लावलेलं ग्रीन कार्ड. दुसऱ्या कंपनीत जावं तर त्या रांगेत पुन्हा शेवटी जाऊन उभं राहायचं. थोडक्यात, एवढ्या मोठ्या देशाच्या खर्चातल्या एका ओळीला आमचे काका लोंबकळत होते. ते बिल ऑक्टोबर उजाडायच्या आत व्हायला हवं असा नियम होता, आणि माझ्या आठवणीत ते एकदाही तेव्हा झालं नाही.

चातुर्मास सुरू झाला तो साध्या सवयीने. घरी आषाढीपासून कार्तिकीपर्यंत वांगं बंद असायचं, ते काकांनी इथेही पाळलं. योगायोग असा, की वॉशिंग्टनची समिती ते बिल हातात घ्यायची तेही आषाढाच्या सुमारासच. पहिल्या वर्षी कार्तिकी आली, पण बिल काही आलं नाही. काका सहज बोलून गेले, "आता बिल झाल्यावरच खाऊ." बिल झालं संक्रांतीनंतर, रस्त्याची ओळ शाबूत. काकांनी त्याचा संबंध वांग्याशी लावला. पुढच्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाने भाड्याने घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात, मूर्तीपुढे हात जोडून ते रीतसर नवसच बोलले, की या वर्षीच्या बिलावर सही होईपर्यंत वांगं तोंडात घालणार नाही. हळूच बोलले होते बिचारे, पण आरतीचा माइक चालू राहिला होता. त्या दिवसापासून ते आमचे चातुर्मासकाका झाले, आणि तोच नवस पुढे दर गणपतीत होत गेला.

आणि मिनेसोटात चांगली वांगी येतात ती नेमकी ऑगस्ट-सप्टेंबरात! सेंट पॉलच्या शेतकरी बाजारात लाओसकडून आलेल्या मोंग बायका टोपल्या भरभरून वांगी घेऊन बसायच्या, हिरवी, पांढरी, जांभळी. काका प्रत्येक टोपलीपाशी थांबायचे. एखादं उचलून तळहातावर तोलायचे आणि मला शिकवायचे, "हे बघ, आकाराच्या मानाने हलकं आहे. म्हणजे आत बी कमी. भरताला असंच लागतं." आणि परत ठेवून द्यायचे. ती विकणारी बाई दर वर्षी त्यांच्याकडे जास्तच संशयाने बघायला लागली होती. पुढे बिल व्हायचं तेव्हा दुकानात मिळायची ती सुजल्यासारखी गुळगुळीत, पाणचट वांगी. त्याचं भरीत काका डोळे मिटून खायचे आणि म्हणायचे, "चव तिथली नाही, पण सुटलो."

संध्याकाळी त्यांच्या टीव्हीवर एकच चॅनल असायचं, संसदेच्या कामकाजाचं. बाकीचे लोक क्रिकेटसाठी डिश लावायचे, काकांनी ती भाषणांसाठी लावली असती. समितीतल्या एकेका सदस्याला त्यांनी नावं ठेवली होती. एक होते सरपंच, एक खोकलेमामा, आणि कायम कागद शोधणाऱ्या एक बाई होत्या त्यांना ते 'आमच्या तहसीलच्या बाई' म्हणायचे. बिलाचा प्रवास मला कधी कळला नसता, पण काकांनी तो लग्नाच्या भाषेत समजावला. समितीत आलं म्हणजे मुलगी बघायला आले. खालच्या सभागृहात पास झालं म्हणजे साखरपुडा. मग वरचं सभागृह आपलं वेगळंच बिल काढणार, आणि दोघांचं जुळवायला बसणार ती मानपानाची बोलणी. "आणि पोरी, लग्नं मोडतात ती मानपानात," काका म्हणायचे. राष्ट्राध्यक्षांची सही म्हणजे अक्षता.

हे सगळं मला शिकवणारे काका एका वर्षी स्वतःच फसले. खालच्या सभागृहात बिल पास झालं, मतं भरभरून पडली, आणि काकांना राहवलं नाही. काकूंनी रिकोटा चीज आटवून केलेले पेढे त्यांनी बिल्डिंगभर वाटले. ऑफिसात नेले, लायब्ररीत नेले, पोस्टमनच्याही हातावर ठेवले. नंतर मानपान जे सुरू झालं ते थंडीपर्यंत संपेना. "काका, साखरपुड्याचेच पेढे वाटलेत की हो," मी चिडवायची. ते म्हणायचे, "चोळ. तू पण जखमेवर मीठ चोळ." पुढे पुढे त्या एका बिलात घरबांधणी खातं आलं, न्यायालयं आली. तेव्हा काका खरंच वैतागले. "एका चुलीवर किती जावा बसवणार रे? भांडणं होतील नाही तर काय!" हे ते टीव्हीकडे बघून सरपंचांना म्हणाले होते.

त्यांच्या घराची एक गंमत होती, आणि आता मला ती गंमत वाटत नाही. भिंतीवर एकही खिळा नव्हता. कालनिर्णय भिंतीला टेकवून जमिनीवर उभं असायचं, तिथी बघायची तर काकूंना वाकावं लागायचं. सोफा कोणीतरी जाताना दिलेला. टीव्ही, मिक्सर, मायक्रोवेव्ह, सगळ्यांची खोकी थर्मोकोलसकट कपाटात जपून ठेवलेली, "परत जायचं झालं तर पॅकिंगला बरी." आणि घर घेण्याचा विषय निघाला की, "बिल होऊ दे, कार्ड येऊ दे, मग एकदमच घेऊ." म्हणजे जायची तयारी ठेवून राहायची वाट बघत होते. दोन्हीतलं काहीच होत नव्हतं.

काकूंबद्दल आत्तापर्यंत फार लिहिलं नाही, कारण त्या घरात त्या फार बोलायच्याच नाहीत. जळगावला त्या शाळेत गणित शिकवायच्या. दहावीचे वर्ग होते त्यांच्याकडे. इथे काकांच्या व्हिसाच्या शेपटीला बांधलेला त्यांचा व्हिसा, त्यावर नोकरी करायला बंदी. गाडी चालवायची भीती, आणि त्या भागात बस तासाला एक. जिच्या नवऱ्याचं पोट बसच्या रस्त्यावर होतं ती बाई बस नाही म्हणून दिवसभर घरात असायची. सख्ख्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा त्या जाऊ शकल्या नाहीत. बाहेर पडलं तर परत येताना व्हिसाचा शिक्का मिळेलच याची खात्री वकील देईना. लग्नाची सीडी आली, ती आम्ही तिघांनी बसून बघितली. विहिणींची पंगत चालू असताना काकू उठल्या आणि आत जाऊन भांडी घासायला लागल्या. काका पडद्याकडे बघत पुटपुटले, "हे एक वर्ष. यंदाचं झालं की सगळं मार्गी लागतंय." दर वर्षी ते असंच म्हणायचे, आणि दर वर्षी मनापासून म्हणायचे.

मग ते वर्ष आलं. उन्हाळ्यात साखरपुडा झाला, आणि पुढे काही हलेना. ऑक्टोबर उलटला. अशा वेळी सरकार स्वतःलाच मुदतवाढ देतं. मागच्यासारखा खर्च चालू ठेवा, नवीन काही काढू नका, म्हणतं. पहिली मुदतवाढ झाली, मग दुसरी, मग निवडणुका झाल्या, मग तिसरी. जानेवारीत नवी संसद बसली आणि जुन्या संसदेतलं ते बिल नियमानेच मेलं. फेब्रुवारीत त्याच्या जागी वर्षभराची मुदतवाढ देऊन टाकली, आणि सदस्यांनी आपापल्या गावच्या कामांसाठी घातलेल्या ओळी त्यातून गाळल्या. त्यात आमच्या रस्त्याचीही ओळ गेली.

काकांच्या साहेबांनी त्यांना बोलावलं. भला माणूस होता. म्हणाला, "एप्रिलअखेरपर्यंत कसंबसं खेचतो, पुढे पगार द्यायला पैसे नाहीत." वकिलाने सांगितलं, दुसरी कंपनी शोधा आणि पहिल्यापासून फाईल करा. काकांनी घरी येऊन हे सगळं सांगितलं आणि नेहमीच्या जागी बसून चॅनल लावलं. त्यावर कुठल्याशा मासेमारीच्या कायद्याची चर्चा चालू होती, ती ते बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यातच नवसाचा घोळ. नवस होता त्या बिलावर सही होईपर्यंत, आणि ते बिल आता कधीच सहीला जाणार नव्हतं. आमच्या मंडळाचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका इन्शुरन्स कंपनीत डेटाबेस सांभाळायचे. ते म्हणाले, "काका, सिंपल आहे. मुदतवाढीवर तर साइन झालीय ना? ती बिलाच्या ऐवजी आली, म्हणजे नवस पूर्ण. एक छोटंसं उद्यापन करून टाकू, शनिवारी माझा स्लॉट पण मोकळा आहे."

काका म्हणाले, "गुरुजी, मुदतवाढ म्हणजे बिल नव्हे. देवाला मी बिल सांगितलं होतं."

"अहो, इंटेन्शन बघतो देव."

"माझं इंटेन्शन रस्ता होतं. रस्ता कुठाय?"

मला काकांचा राग आला, खरं सांगते. नोकरी जातेय, व्हिसा जातोय, आणि हा माणूस वांग्यावर कायदा काढून बसलाय! पण नंतर वाटलं, सगळंच हातातून निसटल्यावर पाळण्यासारखं त्यांच्याकडे तेवढंच राहिलं असेल.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी खाली गेले तर दारातच जळका वास. आत काकूंनी विजेच्या शेगडीच्या लाल झालेल्या कॉइलवर जाळी ठेवली होती, आणि जाळीवर एक भलंमोठं वांगं उलटसुलट करत होत्या. तेवढ्यात धुराचा अलार्म किंचाळायला लागला. काका स्टुलावर चढून वर्तमानपत्राने वारा घालताहेत, मी खिडक्या उघडतेय, उणे तापमानातली हवा घरात घुसतेय, समोरची म्हातारी कुत्रा काखेत घेऊन कॉरिडॉरमध्ये आलीय, "इज एव्हरीथिंग ओके?" आणि काकू त्या गोंधळात मान वर न करता वांग्याचं साल काढताहेत.

अलार्म थांबला. काकूंनी भरीत घोटलं, मिरची-लसूण घातला, कांद्याची पात घातली. तीन ताटं वाढली. कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, भरीत लावलं आणि आमच्याआधी स्वतः खाल्लं. त्या घरात काकू सगळ्यांच्या आधी जेवताना मी पहिल्यांदाच बघत होते.

काका म्हणाले, "अगं, माझा नवस आहे."

"तुमचा आहे. माझा कुठे होता? तरी मी पण खाल्लं नाही."

काका बघतच राहिले. "तू नाही खाल्लंस? एवढी वर्षं?"

"तुम्ही खात नाही म्हटल्यावर मी कशी खाणार? तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. वर्गात न कळलेलं गणित परत समजावतात तशा बोलत होत्या. "व्हिसा तुमचा, बिल तुमचं, नवस तुमचा. मी त्याच्या आत बसलेय नुसती. दहावीच्या किती बॅचेस निघून गेल्या माझ्या, अहो. आता ते बिल मेलं म्हणता ना? मेल्याचं सुतक असतं, नवस नसतो. तेरावं झालं की जेवा तुम्ही. मी आज जेवतेय."

मला वाटलं, मी तिथे नसायला हवं होतं. उठावं तरी पंचाईत, खावं तरी पंचाईत. काका भाकरीकडे बघत बसले. वांगं काही त्यांनी खाल्लं नाही, शेंगदाण्याच्या चटणीशी भाकरी खाल्ली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "एप्रिलच्या तिकिटांचे भाव बघून ठेवशील का गं?" मला वाटलं मला विचारताहेत, म्हणून मी हो म्हणाले. पण ते काकूंना विचारत होते. काकू म्हणाल्या, "बघितलेत."

खोक्यांचं काय झालं ते सांगायलाच हवं. जपून ठेवलेल्या त्या खोक्यांत काकांनी टीव्ही, मिक्सर, मायक्रोवेव्ह छान भरले, चिकटपट्ट्या लावल्या, आणि मग गुरुजींनी सहज विचारलं, "काका, हे एकशेदहा व्होल्टचं आहे ना? तिकडे दोनशेतीस." इतकी वर्षं हे इंजिनियर माणसाच्या लक्षात आलं नव्हतं. काका खाली बसले आणि इतके हसले, इतके हसले, की काकूही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. ती सगळी खोकी माझ्या घरी वर आली. आणि त्या रविवारपासून मोजून तेराव्या दिवशी काकांनी नियमाने भरीत खाल्लं होतं, दुकानातलं, पाणचट.

निरोपाचा समारंभ एकाच्या बेसमेंटमध्ये झाला. पावभाजी होती, श्रीखंड होतं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर हॉस्पिटलात भेटायला आल्यासारखी दया होती. "बिचारे. इतकं थांबले, आणखी एक वर्ष काढायला हवं होतं यार," असं एक जण म्हणाला. मीही मान डोलावली. विमानतळावर काका माझ्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. काकूंनी विचारलं, "तुझं काय ठरलंय गं?"

मी म्हटलं, "कंपनी यंदा फाईल करणार आहे काकू. मग बघू."

"बघू नको म्हणूस. तारीख ठरव. जायची ठरव नाही तर राहायची ठरव, पण ठरव," त्या म्हणाल्या, आणि पर्स सावरत पुढे झाल्या. इतकी वर्षं त्या काकांच्या मागून चालायच्या. त्या दिवशी काका त्यांच्या मागून गेले.

पुढच्या डिसेंबरात बिल झालं. तिजोरी आता दुसऱ्या बिलात गेली होती, पण वाहतुकीच्या बिलात आमच्या रस्त्याची ओळ होती, पैशांसकट. मी बातमी वाचली आणि कितीतरी वेळ फोन करावा की नाही ते मला कळेना. शेवटी केला.

"वाचलं मी," काका म्हणाले. "साहेबांना ईमेलही टाकला, काँग्रॅच्युलेशन्स म्हणून."

"वाईट नाही वाटलं काका?"

"वाटलं ना. दोन दिवस कोणाशी बोललो नाही. एकच वर्ष गं, पोरी. एकच वर्ष आधी झालं असतं तर." मग म्हणाले, "पण होईल रस्ता. तिथल्या एखाद्या काकूला तरी बस मिळेल. थांब, ही बोलतेय."

काकूंनी फोन घेतला. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. "ठरवलीस का तारीख?"

मी सांगायला लागले, की कंपनीने अखेर फाईल केलंय, फक्त रांग फार मोठी आहे, आता मध्येच सोडलं तर सगळं पहिल्यापासून, त्यामुळे सध्या तरी हलता येत नाही, पण यंदा कायदा बदलेल असं सगळे म्हणताहेत. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कोणालातरी दटावलं, "ए, कंपास ठेव खाली, डोळ्यात जाईल कोणाच्या." आणि मला म्हणाल्या, "बरं, ठेवते हं. माझी दहावीची मुलं आलीत."

फोन ठेवला तेव्हा बाहेर बर्फ पडत होता आणि मी माझ्या न घेतलेल्या घरात बसले होते. त्या दोघांची मी किती कीव केली होती. आता हेवा वाटला. रडू येईल इतका हेवा वाटला.